परदेशातली गाडी इंदूरच्या दारात: कराचा आणि खर्चाचा हिशेब

रामबागेत किंवा लोकमान्य नगरात चार घरं फिरलात तर एका घरातलं तरी मूल परदेशात असतं. परत यायची वेळ आली की "तिथली गाडी घेऊनच येतो" हा विषय निघतो, आणि पोह्यांच्या ठेल्यावर कोणीतरी ठोकून देतो, "दुप्पट धरा, फार तर." दुप्पट पुरत नाही. वापरलेली मोठी पेट्रोल किंवा डिझेल गाडी आणली तर भाडं आणि विम्यासकट मुंबई बंदरात तिची जी किंमत धरली जाते, तिच्या ३.३२५ पट रक्कम बंदरातून बाहेर पडताना होते. इंदूरचा वाहनकर त्यानंतर. हा आकडा कुठून येतो, आणि त्यात आपल्या हातात काय असतं, ते खाली मांडतो आहे.

आकडेमोडीआधी ती गाडी येऊच शकते का ते बघा, कारण निम्मे बेत इथेच संपतात. स्टिअरिंग उजवीकडे हवं. दुबई, अमेरिका, कॅनडा, जर्मनी इथल्या गाड्या म्हणून बाद. ब्रिटन, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, मलेशिया चालतात. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. ब्रिटनची गाडी मैलांत बोलते, तेव्हा डिजिटल डायल असेल तर सेटिंग बदलून आणि काट्याचा असेल तर किलोमीटरचे आकडे ठळक दिसतात ना हे पाहून घ्या. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीसाठी बसवलेला हवा. वापरलेली गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, पुढची किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी असावी लागते, आणि तेवढा काळ सर्व्हिसची सोय असल्याची हमीही द्यावी लागते.

"उत्पादनाच्या तारखेपासून" हे दोन शब्द नीट वाचा. ब्रिटनच्या लॉगबुकवर ठळक दिसते ती पहिल्या नोंदणीची तारीख. गाडी नोव्हेंबरमध्ये कारखान्यातून निघाली आणि मार्चमध्ये नोंदली गेली, तर तुमचे चार महिने आधीच गेले. चॅसिस नंबर देऊन कंपनीकडून उत्पादनाचा महिना लेखी घ्या. गाडीला अडीच वर्षं झाली असतील तर माझ्या मते नाद सोडा. जहाज लांबलं, कागद अडकला, तर उरलेले सहा महिने कसे संपतात ते कळत नाही.

आणखी एक भाबडी समजूत: "दहा वर्षांनी कायमचा परततोय, गाडी घरसामानात येईल." येत नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात बॅगेजची व्याख्याच मोटारगाडी वगळून केली आहे. ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची सवलत फ्रीज-टीव्हीला असेल, गाडीला पूर्ण कर.

पट कसा निघतो

इंटरनेटवर सापडणारे बरेच कॅल्क्युलेटर शिळे आहेत. १२५ टक्के बेसिक ड्यूटी, वर समाजकल्याण अधिभार, मग २८ टक्के जीएसटी आणि २०-२२ टक्के सेस असा हिशेब दिसला की ते पान बंद करा. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्काची मांडणी बदलली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा सेस जाऊन जीएसटीचे दर बदलले.

आजची मांडणी अशी. वापरलेल्या गाडीवर ७० टक्के बेसिक ड्यूटी आणि ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर, मिळून १३७.५. नव्या तयार गाडीची सीआयएफ किंमत, म्हणजे गाडी अधिक जहाजाचं भाडं अधिक विमा, ४०,००० डॉलरच्या वर असेल तर ७० अधिक ४०, मिळून ११०. पेट्रोल इंजिन ३,००० सीसीच्या किंवा डिझेल २,५०० सीसीच्या वर असेल तरी तोच दर. त्याखालच्या नव्या गाडीला नुसते ७० टक्के. गाडीच्या मालकाला शेतीच्या उपकराशी काय देणंघेणं, हा प्रश्न रास्त आहे. जुना अधिभार काढून नवा उपकर आणला, पण बेरीज होती तेवढीच राहिली.

मग आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, आणि तो नुसत्या गाडीवर नाही, गाडी अधिक वरची ड्यूटी या बेरजेवर. पेट्रोल १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत आणि लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत असेल तर १८ टक्के, बाकी सगळ्यांना ४०, आणि फक्त बॅटरीवर चालणारीला ५. प्लग-इन हायब्रिड चार्जिंगला लावता येते म्हणून ती या पाच टक्क्यांत बसेल असं समजू नका.

कर चढत्या बेरजेवर लागत असल्यामुळे टक्के एकमेकांत मिळवून चालत नाही, गुणावे लागतात:

वापरलेली मोठी गाडी: २.३७५ × १.४० = ३.३२५
नवी, ४०,००० डॉलरवर: २.१० × १.४० = २.९४
नवी, ४०,००० डॉलरपर्यंत: १.७० × १.४० = २.३८
नवी छोटी गाडी: १.७० × १.१८ = २.००६
नवी इलेक्ट्रिक, ४०,००० डॉलरवर: २.१० × १.०५ = २.२०५
नवी इलेक्ट्रिक, त्याखालची: १.७० × १.०५ = १.७८५

४०,००० डॉलरच्या रेषेवर कडा आहे, उतार नाही. सीआयएफ ३९,९०० डॉलर असेल तर बंदराबाहेर गाडी ९४,९६२ डॉलरला पडते. ४०,१०० झाली की १,१७,८९४. दोनशे डॉलरच्या फरकाने जवळपास २३,००० डॉलर जातात. रेषा सीआयएफवर मोजतात, म्हणून बिलावर ३८,५०० असलेली गाडीही भाडं आणि विमा धरून पलीकडे जाऊ शकते.

"नवी" म्हणजे काय हेही कायद्याच्या नजरेने बघा. आयातीपूर्वी कुठल्याही देशात नोंदणी झालेली नसावी, विकलेली, भाड्याने किंवा वापरायला दिलेली नसावी. ब्रिटनमध्ये डीलर महिन्याचं टार्गेट भरायला गाड्या स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवतात आणि नंतर स्वस्तात काढतात. ऐंशी मैल चाललेली अशी गाडी तुम्हाला नवी वाटेल, कस्टमच्या दृष्टीने ती वापरलेली, आणि पट २.३८ वरून थेट ३.३२५. तसंही खऱ्या नव्या गाडीला भारतातल्या मानकांची मंजुरी लागते, ती एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली नाही. युरोप किंवा जपानच्या मानकांवर वर्षाला २,५०० गाड्या आणायची २०१८ पासूनची मुभा कंपनी आणि तिच्या अधिकृत प्रतिनिधीसाठी आहे. घरगुती आयात म्हणजे बहुतेक वेळा वापरलेलीच गाडी, म्हणून पुढचा हिशेब तिचाच.

कस्टम तुमचं बिल का मानत नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. तुम्ही गाडी किती पौंडांना घेतलीत याला कस्टम फारसं महत्त्व देत नाही. उत्पादनाच्या वर्षी त्याच मॉडेलची नवी किंमत काय होती ती घेतात आणि त्यातून ठरलेला घसारा वजा करतात: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. दोन वर्षं पूर्ण वापरलेल्या गाडीला म्हणून १६ अधिक १२, एकूण २८ टक्के घसारा मिळतो. बाजारात मात्र महागडी सेडान दोन वर्षांत ४० टक्क्यांनी सहज पडते. तुम्हाला मिळालेली स्वस्ताई कस्टमच्या दारात विरघळते. ठोकलेली गाडी स्वस्तात घेऊन इथे दुरुस्त करू, हा बेतही याच कारणाने फसतो.

उदाहरणाला दोन वर्षांची ब्रिटनमधली पेट्रोल सेडान घेऊ. नवी असताना किंमत ५०,००० पौंड, तुम्ही ३०,००० ला घेतलीत. पौंड ११५ रुपये धरतो, तो नुसता हिशेबाच्या सोयीसाठी.

कस्टमने धरलेली किंमत: ५०,००० मधून २८ टक्के वजा, ३६,००० पौंड
जहाजाचं भाडं: १,८०० पौंड
विमा, १.१२५ टक्के: ४०५ पौंड
सीआयएफ: ३८,२०५ पौंड, म्हणजे ४३.९४ लाख रुपये
बेसिक ड्यूटी आणि उपकर, १३७.५ टक्के: ६०.४१ लाख
आयजीएसटी, १०४.३५ लाखांवर ४० टक्के: ४१.७४ लाख
एकूण कर: १०२.१५ लाख

गाडी ४४ लाखांची, कर १ कोटी २ लाखांचा. तुम्ही प्रत्यक्षात ६,००० पौंड कमी दिले होते, पण कर ३६,००० वर बसला. त्या ६,००० पौंडांवरचाच कर १६ लाखांच्या वर जातो.

आता भाड्याची ओळ परत बघा. भाड्याचा पुरावा नसेल तर नियम सांगतो की गाडीच्या एफओबी किमतीच्या, म्हणजे भाडं आणि विमा मिळवण्याआधीच्या किमतीच्या, २० टक्के भाडं धरा. विम्याचा पुरावा नसेल तर १.१२५ टक्के. वरच्या गाडीत २० टक्के म्हणजे ७,२०० पौंड. खरं भाडं १,८००. वरच्या ५,४०० पौंडांवर २३२.५ टक्के कर लागतो, म्हणजे १२,५५५ पौंड, रुपयांत सुमारे साडेचौदा लाख. एक कागद नसल्याची ही किंमत. शिपिंग एजंट अनेकदा "सगळं मिळून इतके" असं एकच बिल देतो. त्याच्याकडून समुद्रभाडं, तिथला ट्रक, तिथलं बंदर अशी फोड करून घ्या, आणि मालवाहतूक विम्याची पॉलिसी वेगळी ठेवा.

विनिमय दर बँकेचा धरू नका. कस्टम स्वतःचा दर महिन्यातून दोनदा जाहीर करतं, आणि बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टमकडे द्यायचा आयातीचा अर्ज, दाखल होते त्या दिवशीचा आयातीचा दर लागतो. कराचा दर मात्र त्या दिवशीचा किंवा जहाजाला बंदरात प्रवेश मिळाला त्या दिवशीचा, यातली जी तारीख नंतरची तिचा. अर्थसंकल्पाच्या आसपास जहाज येत असेल तर हे लक्षात ठेवा.

ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला झालेल्या व्यापार कराराचं नाव घेऊन "आता दहा टक्केच लागणार" असंही ऐकू येतं. त्यातली सवलत कोट्यात बसणाऱ्या आणि मूळ ब्रिटनमध्ये बनलेल्या गाड्यांसाठी आहे. लंडनच्या शोरूममधून घेतली म्हणून जर्मनीत बनलेली गाडी ब्रिटिश होत नाही.

बंदरातले दिवस

पिथमपूरचा कंटेनर डेपो घराजवळ असला तरी वापरलेली गाडी तिथे सोडवता येत नाही. ती मुंबईच्या कस्टममधूनच आणावी लागते. व्यक्तिगत वापरासाठी आयात-निर्यात कोड लागत नाही, पण कस्टम ब्रोकर, ज्याला सगळे अजून सीएचए म्हणतात, तो घ्याच. त्याला आधीच विचारायचा प्रश्न एक: वापरलेल्या गाड्या किती सोडवल्यात? मशिनरी सोडवणारा उत्तम सीएचए गाडीच्या फायलीवर पहिल्यांदाच शिकत असेल तर त्या शिकवणीची फी तुम्ही भरता.

बिल ऑफ एन्ट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत दाखल व्हायला हवी. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये. ड्यूटी ठरल्यावर कामाच्या एका दिवसात भरली नाही तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. एक कोटीवर १५ टक्के म्हणजे रोजचे चार हजारांहून जास्त. मुदत ठेव मोडायची असेल तर ती जहाज निघालं तेव्हाच मोडा.

शिवाय बंदराचं भाडं, आणि कंटेनरमधून आणली असेल तर फुकटचे दिवस संपल्यावर शिपिंग लाइनचं कंटेनर अडवल्याचं भाडं, तेही डॉलरमध्ये. वीस फुटी कंटेनरमध्ये एकच गाडी मावते. चाळीस फुटीत दोन बसतात, पण दुसऱ्याच्या कागदात खोट निघाली की तुमचीही अडकते. रो-रो जहाजात गाडी चालवत चढवतात आणि उतरवतात, त्यामुळे कंटेनरचं झेंगट नाही. मात्र आत एकही वैयक्तिक वस्तू ठेवू नका.

वेळ खाते ती चाचणी. निर्यातीच्या अगदी आधी परदेशातल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. त्याशिवाय इथे उतरल्यावर, सोडवणुकीच्या आधी, केंद्रीय मोटर वाहन नियमांनुसार गाडी योग्य असल्याचा दाखला लागतो. धोरणात नावं आहेत ती पुण्याच्या एआरएआयची आणि अहिल्यानगरच्या व्हीआरडीईची. गंमत म्हणजे मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या संस्थेचंही नाव आहे, पण ती ट्रॅक्टरसाठी. आपल्या अंगणातल्या पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, तरी कर न भरलेली गाडी चाचणीसाठी घाट चढून इथवर आणण्यापेक्षा पुणं सोयीचं. चाचणीला तारीख मिळेपर्यंत बंदराचं मीटर चालूच. प्रदूषणाचा कागद युरो ६ चा आहे एवढं तोंडी सांगून भागत नाही, गाडीच्या चॅसिस नंबरचं कन्फर्मिटी सर्टिफिकेट कंपनीकडून आणून ठेवा.

सीएचए, बंदर, चाचणी, ट्रक या सगळ्यांसाठी सीआयएफच्या ५ टक्के बाजूला ठेवावेत असा माझा ठोकताळा आहे. वरच्या उदाहरणात २.२० लाख. कागद चोख असतील तर त्यातले थोडे परत येतील, नसतील तर दुप्पटही जातील. मुंबईहून धुळे, सेंधवा करत गाडी चालवत आणायचा मोह आवरा. नंबर नसलेली गाडी रस्त्यावर काढता येत नाही, आणि परदेशी नंबरप्लेटला सोडवणुकीनंतर इथे अर्थ नाही. फ्लॅटबेड ट्रक करा, चढवण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा, जमिनीपासून बंपर खाली असेल तर ट्रकवाल्याला रॅम्पची लांबी आधीच विचारा.

नायता मुंडल्याची पायरी

इंदूरच्या नायता मुंडल्याच्या आरटीओत बिल ऑफ एन्ट्री, ड्यूटी भरल्याची पावती, कस्टमचा सोडवणूक दाखला, चाचणीचा दाखला, परदेशातली नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि विमा हे सगळं मूळ प्रतींसह लागतं. नोंदणी फी आयात चारचाकीला ५,००० रुपये, देशी गाडीला ६००. हा फरक चिल्लर आहे. खरा आकडा आजीवन वाहनकराचा. मध्य प्रदेशात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १४ टक्के, डिझेलला १६. आणि आयात गाडीची किंमत म्हणजे सीमाशुल्कासकट. वरच्या सेडानची १४६.०९ लाख धरली तर १४ टक्क्यांनी २०.४५ लाख. भरलेल्या करावर पुन्हा कर, दुसरं नाव नाही.

एकूण खिशातून किती? गाडीला दिलेले ३४.५० लाख, भाडं आणि विमा २.५४, कर १०२.१५, वाहनकर २०.४५, बंदर आणि इतर २.२०. बेरीज १६१.८४ लाख. तिथे नवी ५७.५० लाखांना होती.

इंदूरच्या रस्त्यांवर इथल्या एमपी ०९ च्या जोडीला उज्जैनच्या एमपी १३ आणि ग्वाल्हेरच्या एमपी ०७ च्या महागड्या गाड्या दिसतात, त्याचं कारण मेळे. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात आणि २०२४ पासून उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यात घेतलेल्या गाडीला वाहनकरात ५० टक्के सूट मिळत आली आहे. अट अशी की विक्री मेळ्यातल्या डीलरकडून आणि नोंदणी तिथल्याच आरटीओत. स्वतः आणलेल्या गाडीला विक्रेताच नाही, तेव्हा ही सूट नाही. डीलरकडून घेतलेल्या आयात गाडीला मात्र मिळते, आणि दीड कोटीच्या गाडीवर ती दहा लाखांच्या वर जाते.

म्हणूनच तेच मॉडेल इथे मिळतंय का हे आधी शोधा. कंपनी सुटे भाग आणून इथे जुळवते तेव्हा, इंजिन आणि गिअरबॉक्स आधी जोडलेले नसतील तर, त्यावर १५ टक्केच ड्यूटी लागते. चाकणची मर्सिडीज, चेन्नईची बीएमडब्ल्यू, छत्रपती संभाजीनगरची ऑडी या कारणाने परवडतात. वरच्या १६२ लाखांसमोर त्याच वर्गातल्या इथे जुळवलेल्या गाडीचा ऑनरोड भाव ठेवून बघा.

फर्मच्या नावावर घेऊन आयजीएसटीचं क्रेडिट मिळेल, असं सियागंजातल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या मनात असेल तर तेही नाही. तेरा माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीचं क्रेडिट जीएसटी कायद्याने अडवलेलं आहे. गाड्या विकणारा, प्रवासी वाहतूक करणारा आणि ड्रायव्हिंग स्कूल एवढेच सुटतात.

विमा काढताना घोषित किमतीत ड्यूटी धरली आहे ना ते पाहा, नाहीतर गाडी चोरीला गेली तर भरपाई ४४ लाखांच्या हिशेबाने येईल. समोरची काच आणि एका बाजूचा हेडलाइट एवढे दोन सुटे भाग गाडीबरोबर वेगळ्या बिलाने मागवून ठेवा. आणि गाडी पंधरा वर्षं ठेवायचा विचार असेल तर नूतनीकरणाची फी आयात चारचाकीला ४०,००० रुपये आहे, देशी गाडीला ५,०००.